न जळलेलं घर

“त्याला विचारा, त्याच्या भिंतीला आग कधी लागली ते,” पिर्कोबाई म्हणाल्या आणि काचपेटीवरची धूळ पुसत राहिल्या.

मी त्यांना नुकतंच एवढंच सांगितलं होतं, की मी भारतातून आले आहे आणि रेइयोच्या घरी उतरले आहे.

“कधी म्हणजे? १९४४ सालीच ना?”

“त्याला विचारा,” त्या पुन्हा म्हणाल्या.

त्यांचं संग्रहालय म्हणजे बंद पडलेल्या शाळेचा एक वर्ग होता. याच शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या. भिंतीवर ओळीनं एकोणीस फोटो लावलेले होते आणि प्रत्येक फोटोत एकच गोष्ट होती: गवतात उभं असलेलं एक दगडी धुराडं. घर नाही, कुंपण नाही, नुसतं धुराडं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं उत्तर फिनलंडमधली गावंच्या गावं पेटवून दिली, त्यात हे काइरावाराही गेलं. माणसांना आधीच सीमेपलीकडे स्वीडनमध्ये हलवलेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती परतू लागली तेव्हा ही एवढी धुराडी शिल्लक होती. फोटोंखाली पाटी होती: ‘पहिले दोन हिवाळे गाव जमिनीत खणलेल्या खोपटांत राहिलं.’ गावातलं विसावं घर जळलं नव्हतं. ते रेइयोचं. त्या भिंतीवर त्या घराचा फोटो नव्हता, उल्लेखही नव्हता.

बाहेर पडताना दारामागे एक जाहिरात दिसली. पिर्कोबाईंच्याही चार लाकडी खोल्या पर्यटकांना भाड्यानं मिळत होत्या. म्हणजे या बाईंचं बोलणंही जपूनच घ्यायला हवं, असं मी मनाशी म्हटलं.

ही गोष्ट जानेवारी २०१२ मधली. मी पुण्यातल्या एका पर्यटन कंपनीत होते. पुढच्या हिवाळ्यापासून नॉर्दर्न लाइट्स बघायला मराठी मंडळींचे गट काइरावाराला आणायचे, असं घाटत होतं. चाळीस-पंचेचाळीस वस्तीचं गाव, चहूबाजूंनी रान, गोठलेली नदी, रेनडियर, आणि मुक्कामाला रेइयोचं घर. ‘१९४४च्या आगीतून वाचलेलं एकमेव घर’ असं त्याच्या पत्रकावर छापलेलं होतं. त्याची शहानिशा करायला मला तीन दिवसांसाठी पाठवलं होतं.

त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी दुसऱ्या एका देशात आमच्या मंडळींनी एका ‘पिढीजात रेनडियरपालका’ची गाणी ऐकली, त्याच्याबरोबर फोटो काढले, आणि मग कळलं की तो हॉटेलातला आचारी होता, त्या प्रदेशातलाही नव्हता. गटातल्या एका निवृत्त प्राध्यापिकेनं वर्तमानपत्रात सगळं लिहिलं. तो दौरा माझा होता. आमचे गद्रेसर ओरडले नाहीत, पण मला समोर बसवून म्हणाले, “केतकी, बर्फ कुठेही मिळतो. लोक गोष्टीसाठी पैसे मोजतात. ती खोटी निघाली की आपण संपलो. आणि तूही.”

तेव्हापासून मला सगळ्याचाच संशय यायचा. विमानतळावर घ्यायला आलेला रेइयो फार मोकळं हसला, तेव्हाही मी विचार केला, हा एवढा का हसतोय?

त्या दिवशी चार वाजता आम्ही जेवायला बसलो. बाहेर केव्हाच काळोख झाला होता. जानेवारीच्या सुरुवातीला तिथे सूर्य उगवत नाही. सकाळी दहापासून दोनपर्यंत निळसर उजेड असतो, तोच दिवस. टेबलाशी आम्ही तिघंच होतो: मी, रेइयो आणि त्याची आई हेल्वी. तिला मी आल्यापासूनच आजी म्हणू लागले होते. पंचाहत्तरीची, लहान चणीची, आणि फिनिशखेरीज एक अक्षर न येणारी.

“आगीचं पुन्हा सांगा ना,” मी वही काढली.

रेइयोनं इंग्रजीत सांगितलं. ती गोष्ट त्यानं शंभरदा सांगितलेली असावी. त्याचे आजोबा, म्हणजे हेल्वीआजीचे वडील, बाकीच्यांबरोबर स्वीडनला गेलेच नाहीत. ते रानात लपून राहिले. सैनिक घर पेटवून पुढे गेल्याबरोबर ते धावत आले आणि ओल्या घोंगड्यांनी आग विझवली. पश्चिमेच्या भिंतीवरचा काळा डाग ही त्याची खूण. “उद्या उजेडात बघा. माणूसभर उंच आहे.”

“ते रानात होते, हे कुणी पाहिलं?”

“कोण पाहणार? सगळे गेले होते.”

“त्यांनी स्वतः सांगितलं तुम्हाला?”

“तुम्ही पोलिसात होतात का?” तो हसला आणि माझ्या ताटात बटाटे वाढले. मग विषय बदलून घराबद्दल बोलू लागला. कौलं कधी बदलली, शेगडी किती जुनी. “वीज अठ्ठावन्न साली आली. मी आणि वीज एकाच वर्षी आलो. आई म्हणते, दोघांनीही पहिल्या महिन्यात तिला झोपू दिलं नाही.”

आईचं नाव निघालं म्हणून मी आजीकडे पाहिलं. आगीची गोष्ट सुरू झाल्याबरोबर ती उठून चुलीपाशी गेली होती आणि आमच्याकडे पाठ करून उभी होती. भाषा कळत नसली तरी मुलगा काय सांगतो आहे, हे तिला बरोबर कळत होतं. मी वहीत लिहिलं: ‘आई गोष्ट ऐकत नाही. का?’

माझे वडील सावंतवाडीला सुतारकाम करायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकांकडे जायची. कपाटाच्या मागे वाकून बघत ते म्हणायचे, “कपाट घेवचा झाला तर फाटसून बघूचा. फुडसून सगळीच देखणी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, उजेड फुटल्याबरोबर, मी पश्चिमेच्या भिंतीपाशी गेले. जाडजूड ओंडक्यांची भिंत, आणि तिच्यावर खरंच माणूसभर उंच काळा डाग. लाकूड कोळसलेलं, बोटानं घासलं तर बोट काळं होत होतं. डागाच्या मधोमध विजेच्या मीटरची जुनी लोखंडी पाटी होती. तिचा एक स्क्रू निसटलेला होता. मी कोपरा धरून पाटी थोडी पुढे ओढली आणि मोबाइलचा उजेड आत टाकला.

पाटीमागचं लाकूड मधासारखं पिवळं होतं. स्वच्छ. पाटीच्या कडेपर्यंत काजळी आणि कडेपाशी ती कापल्यासारखी थांबलेली. म्हणजे भिंत जळली तेव्हा पाटी तिथे होती. आणि वीज तर अठ्ठावन्न साली आली होती.

मला आनंदच झाला, हे कबूल करायला हवं. या वेळी मला कुणी फसवू शकलं नव्हतं.

“थंडीत लोखंडाला हात लावू नये. कातडं चिकटतं,” मागून आवाज आला. रेइयो लाकडांची टोपली घेऊन उभा होता.

मी पाटी सोडली. “ही भिंत कुणी जाळली?”

त्यानं टोपली खाली ठेवली.

“मी,” तो म्हणाला. “नऊ वर्षं झाली. गॅसच्या बर्नरनं. आई तेव्हा शहरातल्या इस्पितळात होती.”

“पर्यटकांसाठी?”

“पर्यटक विचारायचे, सगळं गाव जळलं मग तुमचंच घर कसं वाचलं? मी म्हणायचो, माहीत नाही. माहीत नाही म्हटलं की माणसं कॉफी अर्धी टाकून उठतात. एकमेकांकडे बघतात. गावातले तर जन्मभर तसंच बघत आले. माझ्या आजोबांनी जर्मनांचं काहीतरी काम केलं असणार, म्हणून घर वाचलं, असं मी शाळेत पहिल्या दिवशी ऐकलं. मग मला वाटलं, एक डाग असला तर बरं. जळलेल्या घराकडे कुणी तसं बघत नाही.”

“आणि आजोबा? रानात लपले होते?”

“नाही. ते सगळ्यांबरोबर स्वीडनला चालत गेले. गाय घेऊन.”

“मग घर वाचलं कसं?”

त्यानं खांदे उडवले. त्या क्षणी मला वाटलं, हा अजूनही काहीतरी लपवतोय. एवढं खोटं रचणारा माणूस उगाच रचत नाही. ‘काम केलं असणार’ हेच खरं असेल, आणि डाग त्यावर फासलेला.

“लिहिणार तुम्ही हे?” त्यानं विचारलं.

“लिहावं लागेल.”

त्यानं मान हलवली, टोपली तिथेच ठेवली आणि स्नोमोबाइल काढून रानाच्या दिशेनं निघून गेला.

मी वळले तर हेल्वीआजी खिडकीत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. पाच मिनिटांत ती कोट, टोपी चढवून बाहेर आली. तिथे म्हातारी माणसं बर्फावरून लोखंडी पट्ट्यांची एक खुर्चीगाडी रेटत जातात. तिनं ती काढली, मला खुर्चीत बसायची खूण केली. मी नको म्हटलं. मग तिनं गाडी रेटत आणि मी शेजारून चालत, आम्ही शाळेपर्यंत गेलो.

पिर्कोबाईंनी दार उघडलं आणि उघड्या दारात तशाच थांबल्या. नंतर मला कळलं की या दोघी एका गावात राहून तीस वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. हेल्वीआजीनं दोन वाक्यं सांगितली. पिर्कोबाई माझ्याकडे वळल्या.

“गावात रेइयोखेरीज इंग्रजी मलाच येतं. म्हणून तिला माझ्याकडे यावं लागलं, असं ती म्हणते. तिला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, आणि मी ते जसंच्या तसं सांगावं.”

आम्ही मुलांच्या जुन्या बाकांवर बसलो. हेल्वीआजी थोडं बोलायची आणि थांबायची. पिर्कोबाई ते इंग्रजीत सांगायच्या.

“मी आठ वर्षांची होते. घरं जळताना मी पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. आम्ही परत आलो तेव्हा आमचं घर उभं होतं. माझे वडील अंगणात खाली बसले आणि रडले. आनंदानं नाही. ते म्हणाले, आता हे गाववाले आपल्याला माफ करणार नाहीत.”

पिर्कोबाईंचा आवाज सपाट होता, मुलांना धडा वाचून दाखवावा तसा.

“आमचं घर टेकाडावर, शेवटचं. कदाचित रॉकेल संपलं असेल. कदाचित अंधार पडला असेल. वडिलांनाही माहीत नव्हतं. ते मरेपर्यंत विचार करत राहिले.”

मग हेल्वीआजी बराच वेळ बोलली. न थांबता. बोलता बोलता तिनं एकदा त्या धुराड्यांच्या फोटोंकडे हात केला, आणि मग बोट सरळ पिर्कोबाईंकडे रोखलं. पिर्कोबाईंचा चेहरा पांढरा पडला. मग आजी माझ्याकडे पाहू लागली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“ती म्हणते,” पिर्कोबाई म्हणाल्या, “तिच्या वडिलांचं जर्मनांशी बरं होतं. ते त्यांना दूध विकायचे.”

“एवढंच? त्या कितीतरी वेळ बोलत होत्या.”

“म्हातारं माणूस. तेच तेच बोलतं.”

“आणि तुमच्याकडे बोट का केलं?”

“मी दूध पीत होते की नाही, ते विचारत होती.”

मला ते पटलं नाही. पण मी वहीत लिहिलं, ‘वडिलांचे जर्मनांशी संबंध: मुलीची कबुली.’ मला हवं होतं तेच ते होतं. मी लिहितेय हे पाहून हेल्वीआजीनं सुटकेचा श्वास टाकला, माझ्या हातावर थोपटलं आणि गाडी घेऊन घराकडे निघाली. पोचवायला येते म्हटलं तर नको म्हणाली. तिला वाटलं, सांगायचं ते सांगून झालं.

संध्याकाळी मी गद्रेसरांना फोन केला. भिंत बनावट आहे आणि घराचा इतिहासही बरा नाही, म्हटलं. “मग सोड,” ते म्हणाले. “शाबास.” त्या रात्री रेइयोनं जेवण वाढलं, पण शेजारी बसला नाही.

तिसऱ्या दिवशी माझी बस अकराची होती. गावातून दिवसाला एकच जाते. मी सामान घेऊन थांब्यावर उभी होते. निळ्या उजेडात शाळेकडून कुणीतरी येताना दिसलं. पिर्कोबाई. रात्रभर झोपल्या नसाव्यात. त्यांच्या हातात एक पिवळा पडलेला कागद होता.

“काल मी तुमच्याशी खोटं बोलले,” त्या म्हणाल्या.

मी बॅग खाली ठेवली.

“दूध सगळेच विकायचे. माझे वडील बटाटे विकायचे. तिनं तसलं काही सांगितलंच नाही.”

“मग काय सांगितलं?”

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. मला त्यातलं फक्त एक नाव वाचता आलं, युलितालो. रेइयोच्या घराचं नाव. त्याचा अर्थ ‘वरचं घर’. आमच्या वाडीतही एक वरचं घर आहे, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं होतं.

“हा माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला. सतरा फेब्रुवारी १९४६. पाद्र्यानं जागा लिहिलीय युलितालो. हा कागद चाळीस वर्षं माझ्याच खणात आहे. मला वाटायचं, त्यानं चुकून लिहिलंय. आई म्हणायची, तू खोपटात जन्मलीस, म्हणून एवढी चिवट. काल हेल्वी म्हणाली, पहिल्या हिवाळ्यात तिच्या वडिलांनी तोवर परतलेल्या सगळ्या गावाला घरात घेतलं. एकतीस माणसं. खोपटं पुढच्या वर्षी झाली. माझी आई मागच्या खोलीत बाळंत झाली, आणि कंदील तिनं धरला होता. हेल्वीनं. ती दहा वर्षांचीही नव्हती.”

“तुमच्या आईनं तुम्हाला कधीच सांगितलं नाही?”

“कसं सांगणार? ज्यांच्याबद्दल घरात रोज वाईट बोलायचं, त्यांच्याच पलंगावर मूल झालं, असं? मी तर त्यांचं घर वगळून संग्रहालय काढलं.”

टेकाडामागून बसचे दिवे दिसू लागले.

“हे तुम्ही काल का नाही सांगितलंत?”

“तुम्ही लिहून घ्यायला पेन काढून बसला होतात,” त्या म्हणाल्या. “जे ऐकायचं होतं ते तुमच्या तोंडावर दिसत होतं. मला सोपं गेलं.”

बस आली, थांबली. चालकानं दार उघडलं. मी त्याला हातानंच नाही म्हटलं. दार मिटलं आणि बस गेली. मग आम्ही दोघी बॅग ओढत टेकाड चढलो.

रेइयोनं दार उघडलं आणि आमच्याकडे पाहून तसाच बाजूला झाला. हेल्वीआजी टेबलाशी बटाटे सोलत होती. पिर्कोबाईंनी तो कागद तिच्यासमोर ठेवला आणि उभ्या राहिल्या. मग काहीतरी बोलल्या, अगदी थोडं. मला ते कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. हेल्वीआजीनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि दुसरी एक सुरी काढून त्यांच्यासमोर सरकवली. दोघी बटाटे सोलायला बसल्या.

दुपारी मी गद्रेसरांना पुन्हा फोन केला.

“मग खरी गोष्ट काय आहे?” त्यांनी विचारलं.

“घर जळलं नाही. का जळलं नाही, ते कुणालाच माहीत नाही.”

“ही काय गोष्ट झाली?”

“पुढचीही आहे, सर. आल्यावर सांगते.”

त्यांनी एक गट पाठवून बघायचं कबूल केलं. गट खूश झाला नाही तर ती माझी शेवटची सफर, असंही बजावलं.

पुढच्या फेब्रुवारीत मी अठरा जणांना घेऊन गेले. रेइयोनं काळा डाग तासून काढला होता. तिथलं लाकूड बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होतं आणि पत्रकातली ती ओळही गेली होती. गावाची माहिती द्यायला पिर्कोबाई स्वतः यायच्या. त्यांनी सगळं सांगितलं: आग, स्वीडन, एकोणीस धुराडी. आणि हे घर का वाचलं, ते माहीत नाही. मी वाक्यावाक्याला मराठीत सांगत होते. हेल्वीआजी कॉफी ओतत फिरत होती.

गटात ठाण्याचे वर्तककाका होते, निवृत्त अभियंते. ते शेजारच्या बाईंकडे झुकून म्हणाले, “असं कसं? उगाच कोण सोडतं? काहीतरी असणारच.” दोघातिघांनी माना डोलावल्या.

“काय म्हणाले ते?” पिर्कोबाईंनी मला विचारलं.

मला टाळता आलं असतं. मी शब्दन् शब्द सांगितला.

त्या रागावल्या नाहीत. “माझे वडीलही असंच म्हणायचे,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी वर्तककाकांना खुणेनं उठवलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. पलंग, छोटी शेगडी, एक खिडकी. “इथे मी जन्मले. तेव्हा या घरात गावची एकतीस माणसं राहत होती. आणि ती सगळी तुम्ही म्हणालात तेच म्हणत होती. इथेच, जेवताना.”

मी ते मराठीत सांगितलं. वर्तककाका बराच वेळ दारात उभे राहून ती एवढीशी खोली बघत होते.

“मग यांनी त्यांना ठेवून कसं घेतलं?” त्यांनी विचारलं. या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता.

मी इंग्रजीत विचारलं, पिर्कोबाईंनी फिनिशमध्ये. हेल्वीआजीनं कॉफीची किटली खाली ठेवून वर्तककाकांकडे पाहिलं. प्रश्न तिला नीटसा कळला नसावा असं वाटलं. मग ती दोनच शब्द बोलली.

“थंडी होती,” पिर्कोबाईंनी सांगितलं.